पोपटी लावायची आहे: १२ माणसं, एक शनिवार-रविवार, पेणजवळची वाडी

रानवारा
संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी ठाण्याहून आठ आणि पुण्याहून चार अशी बारा माणसं पेण आणि वडखळच्या मधल्या एका वाडीवर जमणार आहेत. पोपटी, म्हणजे पालथ्या मडक्यात पाल्यासकट भाजलेल्या वालाच्या शेंगा, आयती देणाऱ्या रिसॉर्टवर जायचं नाही, आपल्या हातांनीच लावायची आहे. जागा मोकळी आहे, विहीर आहे, पेंढा मिळेल. बारांपैकी चार जण शाकाहारी.

प्रश्न असे: शेंगा किती घ्यायच्या? मडकं केवढं, आणि एक की दोन? भांबुर्डीचा पाला ओळखायचा कसा? जाळ किती वेळ? रविवारी दुपारपर्यंत वेळ आहे, तर जवळपास काय करता येईल? वाचून प्रत्येक ठिकाणी वेगळी वेळ दिसते, कुठे वीस मिनिटं तर कुठे तास. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी कृपया नीट सांगा.

खारेपाटी
आधी मापं.

माणशी साधारण ३०० ते ३५० ग्रॅम शेंगा धरा. सालासकट वजन असतं, दाणा त्यातला निम्म्याहून कमी. बारा जणांना ४ किलो पुरतात, कारण सोबत बटाटे, रताळी, अंडी, कोंबडी असणार. एक किलो शेंगांना अडीच-तीन लिटरची जागा लागते. वर पाल्याचा तळ आणि बूच, म्हणून १२-१२ लिटरची दोन मडकी घ्या. २५ लिटरचं एकच मोठं घेण्याच्या फंदात पडू नका. मोठ्या मडक्याचा मधला भाग शिजेपर्यंत कडेच्या शेंगा करपतात.

दोन मडकी म्हणजे शाकाहारी मंडळींचाही प्रश्न सुटला.

शेंगा: वालाच्या, दाणा भरलेल्या पण साल हिरवी असलेल्या. साल पिवळी पडून सुरकुतली असेल तर आतला दाणा पिठूळ होतो. अगदी कोवळ्या चपट्या शेंगांत खायला काहीच उरत नाही. शेंग वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. डिसेंबरात बाजारात येतात त्या बहुतेक घाटावरच्या. आपल्याकडे भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर आणि दवावर जो कडवा वाल होतो, त्याच्या शेंगा जानेवारीत भरतात. तुमची तारीख त्या हिशेबाने उत्तम आहे. शनिवारी सकाळी पेणच्या बाजारात लवकर पोचा. शेंगा आदल्या दिवशी घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या तर त्यांना घाम येतो आणि पोपटीला कुबट वास लागतो.

मीठ जाडं, किलोला एक मोठा चमचा भरून. ओवा किलोला एक लहान चमचा. शेंगा धुऊन कपड्यावर पसरा, पाणी निथळू द्या, मग मीठ-ओवा चोळा.

मोगरा
ओवा दोन तळहातांवर रगडूनच घाला. अख्खा टाकला तर तळाशी जाऊन बसतो.

चिंचपाणी
भांबुर्डीबद्दल.

भातकापणीनंतर रिकाम्या शेतात आणि बांधांवर आपोआप उगवते. गुडघ्याच्या आत-बाहेर उंची, पानं लवदार, हाताला किंचित चिकट, कडा दातेरी. पान चुरगळून नाकाशी धरलं की ओवा आणि कापूर एकत्र केल्यासारखा उग्र वास येतो. हीच खरी खूण. भामरूड, भांबुर्डा अशीही नावं ऐकायला मिळतील, गावागणिक फरक आहे.

गाजरगवत आणि रानमोडी या दोन तणांशी घोळ होऊ देऊ नका. रानमोडीच्या पानालाही उग्र वास असतो आणि ती बांधावर भरपूर दिसते. खात्री नसेल तर गावातल्या माणसाकडून पाला दाखवून घ्या. हंगामात बाजारात शेंगांच्या टोपलीशेजारीच भांबुर्डीच्या जुड्या विकायला असतात, तिथून घेणं सगळ्यांत सोपं. रस्त्याच्या कडेची घेऊ नका, धुळीने भरलेली असते. ज्या शेतात फवारणी झाली आहे तिथली तर मुळीच नको.

दोन मडक्यांना मिळून एक मोठा भारा लागतो, दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढा. कमी पडली तर पोपटी बसली म्हणून समजा.

पुणेरी_पायवाट
भांबुर्डी नाहीच मिळाली तर केळीची पानं चालतात का?

चिंचपाणी
वाफ कोंडायला चालतात. पोपटीचा वास येणार नाही. ओवा दुप्पट केला तरी ती चव भांबुर्डीचीच असते. अनोळखी सुवासिक पाला मात्र घालू नका, त्यापेक्षा केळीचं पान बरं.

वडखळचा_नाका
आता भरणं आणि जाळ. नेमकी चूक इथेच होते.

मडकं नवं असेल तर शुक्रवारी पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा आणि शनिवारी सकाळी सावलीत पालथं घालून वाळवा. घेतानाच बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द आवाज आला तर आत केसासारखी चीर आहे. तोंड अरुंद हवं. रुंद तोंडाचं मडकं उलटं केल्यावर बूच टिकत नाही.

भरताना तळाला तीन-चार बोटं जाड पाला. कडेनेही पाला लावत यायचं, हे बरेच लोक विसरतात आणि मग कडेच्या शेंगा काळ्या होतात. त्यावर शेंगांचा थर, मग मध्यभागी बटाटे, रताळी, कांदे, केळीच्या पानात बांधलेल्या कोंबडीच्या पुड्या, अंडी. पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला दाबून दाबून ठासायचा. मडकं उलटं करून हलवलं तरी आतलं काही हललं नाही पाहिजे. पाण्याचा थेंब घालायचा नाही.

जमीन सपाट करून मडकं तोंडावर उभं करा, तोंडाभोवती माती ओढून घ्या. पालथं का घालायचं, तर जाळ वरून आणि बाजूंनी लागतो, तोंडाखाली आच नसते. शेंगा-पाल्यातल्या ओलाव्याची वाफ वर जाऊन मडक्याच्या बुडाशी कोंडते, आणि कोंबडीचा, रताळ्याचा रस खाली पाल्यात उतरतो. सुलटं ठेवून खालून जाळ दिला तर तोच रस तळाला लागून करपेल.

जाळाची रीत: पहिली पाच-सात मिनिटं नुसता पेंढा आणि पातेरा, हलका जाळ. मडकं तापू द्या. एकदम लाकडं रचून भडका केला की मडकं तडकतं. मग काटक्या, नारळाच्या सुक्या झावळ्या, वर गोवऱ्या, चहूबाजूंनी मडकं झाकेल असं रचायचं. नुसत्या पेंढ्यावर राहिलात तर भडका मोठा दिसतो पण आच टिकत नाही. वेळेत फरक दिसतो तो त्यामुळेच. पेंढ्यावर तास लागतो, काटक्या-गोवऱ्यांवर नुसत्या शेंगांचं मडकं ३० ते ३५ मिनिटांत होतं. कोंबडीचं ४५ धरा.

झाली का बघायला मडक्यावर हाताने पाणी शिंपडा. थेंब चर्र करून क्षणात उडाले की झाली. ओघळून खाली आले तर अजून जाळ हवा. सोबत वासही फिरतो, आधी पाल्याचा कच्चा हिरवा वास येतो, मग भाजल्या शेंगांचा.

दर्यावर्दी
वाऱ्याचं राहिलं. संध्याकाळी खाडीकडून वारा असतो. जाळ एका बाजूला झुकतो, वाऱ्याच्या अंगाची बाजू कच्ची राहते आणि दुसरी जळते. सरपण वाऱ्याच्या बाजूने जास्त घालायचं आणि शक्य तर त्या बाजूला चार विटांचा आडोसा करायचा. पोपटी अर्धी कच्ची निघाली की लोक वेळेला दोष देतात, बहुतेकदा कारण वारा असतो.

मोगरा
पुड्यांबद्दल लिहिते, कोंबडीत सगळ्यांत जास्त गफलत होते.

आठ जणांना दोन किलो. तुकडे लहान करून घ्या, अख्खी तंगडी घालू नका, हाडाजवळ कच्ची राहते. वाटण: आलं, भरपूर लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ, दोन लिंबं. वाटताना पाणी घालू नका. दही टाळा, पाणी सुटतं आणि पुडी गळते. दोन तास मुरवायचं, पण बर्फाच्या खोक्यात. दुपारभर उन्हात गाडीत राहिलेली कोंबडी मडक्यात घालणं धोक्याचं आहे.

केळीचं पान जाळावरून फिरवून मऊ करा, नाहीतर दुमडताना फाटतं. एका पुडीत दोनशे-अडीचशे ग्रॅम, त्याहून जाड नको. केळीच्या सोपटाने नाहीतर सुती दोऱ्याने बांधा.

अंडी फ्रीजमधली थेट घालू नका, तडकतात. बाहेरच्या हवेला येऊ द्या आणि मधोमध, शेंगांच्या गादीत ठेवा. बटाटे लहान घ्या, देठाकडून चार चिरा देऊन त्यात वाटण भरा.

बाहेर काढल्यावर सगळ्यांत जाड तुकडा तोडून बघा. हाडापाशी गुलाबी पाणी दिसलं तर संकोच न करता कढईत घालून दहा मिनिटं शिजवा. मडकं पुन्हा बांधून जाळावर ठेवण्यात काही अर्थ नसतो, वाफ निघून गेलेली असते.

खारेपाटी
मोगराताईंच्या कच्च्या कोंबडीच्या मुद्द्याला दुजोरा. शेंगांबाबतही तेच, अर्धकच्चा वाल खाऊ नये, कडवट लागतो आणि पोट बिघडतं. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा दबला पाहिजे.

आगटी
धाग्यात उडी घेतो. पुण्याहून चार माणसं एवढा घाट उतरून जाणार त्यापेक्षा सगळ्यांनीच घाटावर हुरड्याला या ना! जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. सामान कमी, वेळ कमी, मडकं फुटण्याची भीती नाही.

जमिनीत वीतभर खोल खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्यांचे निखारे. ही आमची आगटी. ज्वारीची कणसं दांड्यासकट त्यात खोचायची, तीन-चार मिनिटं फिरवत भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. वाफाळता हिरवा दाणा हातात येतो. सोबत शेंगदाण्याची, लसणाची, तिळाची चटणी, गूळ, घट्ट दही आणि शेवटी ताक. गुळभेंडी आणि सुरती हे जुने हुरड्याचे वाण. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले उत्तरा आणि परभणीचा परभणी वसंत हे खास हुरड्यासाठी काढलेले.

पुणेरी_पायवाट
आगटी, हुरडा प्रिय आहेच. पण हल्ली शनिवार-रविवारी गर्दीत वाढतात तो पुष्कळदा आदल्या दिवशी काढून ठेवलेला असतो. तो ओळखायचा कसा?

आगटी
हुरड्याची अवस्था कणसात आठवडाभरच टिकते. दाणा दुधाळ असतो तेव्हा चोळताना पिचतो, पुढे गेला की कडक होतो. मधल्या दिवसांत तो हिरवा, फुगीर आणि गोड असतो. कणीस कापल्यावर दाण्यातली साखर कमी होत जाते आणि पीठ वाढतं, म्हणून सकाळी कापलेलं कणीस त्याच सकाळी भाजायचं. ताजा दाणा चावला की मऊ आणि गोड लागतो. शिळा चिवट लागतो आणि तोंडात पीठ जमतं. सगळ्यांत साधी परीक्षा म्हणजे कणसं तुमच्यासमोर शेतातून कापून आणतात का, ते बघा. नुसता सोललेला दाणा तव्यावर गरम करून पुढे आला तर तो आगटीचा हुरडा नाही.

वडखळचा_नाका
आगटीदादा, हुरडा सकाळचा आणि पोपटी रात्रीची, भांडण कशाला! पण रानवारांनी वाडी ठरवली आहे, त्यांना घाटावर ओढू नका.

आगटी
मान्य. फक्त पुण्याच्या चौघांना सांगून ठेवतो, फेब्रुवारीतला एक रविवार आमचा.

सीमेवरचा
डहाणू-तलासरीकडच्या लोकांसाठी भर. हद्द ओलांडून वलसाड-नवसारीकडे गेलात तर हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला पालथी मडकी दिसतात. ते उंबाडियुं. पद्धत पोपटीचीच, मडकं पालथं, पाणी नाही, भोवती जाळ. फरक असा की पाला भांबुर्डीचा नसतो, तिथे कलार आणि कंबोई वापरतात, आणि आत पापडीच्या शेंगांसोबत कंद, रताळी, बटाटे हिरव्या वाटणात घोळवून घालतात. खायला हिरवी चटणी आणि ताक. कोंबडी नसते. शाकाहारी मंडळींसाठी यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: ओली हळद, आलं, मिरची, कोथिंबीर, पातीचा लसूण यांचं वाटण कंदाला आणि रताळ्याला चोळून मगच मडक्यात घाला. नुसत्या मिठापेक्षा फार खुलतं.

मोगरा
हे छान सांगितलंत. कंदाचे तुकडे मात्र लिंबाएवढेच करा, शेंगांच्या वेळेत मोठे शिजत नाहीत.

दर्यावर्दी
रविवारचं बघू. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, आत गोड्या पाण्याचा तलाव आणि गणपतीचं देऊळ. वडखळहून अलिबाग तास-पाऊण तास, रविवारी गर्दी असते म्हणून सकाळी लवकर निघा.

ओहोटीचा हिशेब कोळ्यांचा: तिथी गुणिले तीन, भागिले चार, आली ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला बारा भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. तिथून सव्वासहा तासांनी, सव्वानऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून. सकाळी किल्ला करायचा तर तृतीया-चतुर्थीचा रविवार सर्वांत सोयीचा. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला, शिवाय भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असल्याने ते पुरतं ओसरतही नाही, मग घोडागाडीने जावं लागतं. हा हिशेब अर्ध्या तासाने मागेपुढे होतो, किनाऱ्यावर विचारूनच पाण्यात उतरा. पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर निघायचं आणि पाणी वळल्यावर किल्ल्यात रेंगाळायचं नाही.

चिंचपाणी
ओहोटी सोयीची नसेल तर पेणलाच थांबा. हमरापूर, जोहे भागात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. गणेशोत्सव लांब असला तरी साच्यातून मूर्ती काढण्याचं काम या दिवसांत चालू असतं. विचारून आत जा, ओल्या मूर्तींना हात लावू नका. परतताना पेणच्या बाजारातून पोहे, पापड, मिरगुंड. अलिबागचा पांढरा कांदा वेणीत बांधलेला हवा असेल तर फेब्रुवारीनंतर या, संक्रांतीला तो अजून शेतात असतो.

रानवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. मडक्याला जाळावर असताना तडा गेला तर? आणि ठाण्याची मंडळी रो-रो बोटीने यायचं म्हणतात, ते बरं पडेल का?

वडखळचा_नाका
तडा गेला म्हणून पोपटी गेली असं नाही. आत रस्सा नाही, त्यामुळे गळण्यासारखं काही नसतं, फक्त थोडी वाफ सुटते. फटीवर ओल्या मातीचा लपका मारा आणि दहा मिनिटं जास्त जाळ द्या. तुकडाच निघाला तर मात्र जाळ बाजूला करून जे शिजलं ते काढून घ्या.

काढतानाची काळजी: निखारे काठीने लांब सारा. मडकं ओल्या गोणपाटाने धरून आडवं करा, तोंड माणसांच्या विरुद्ध दिशेला. चिमट्याने पाला ओढला की वाफेचा लोट येतो, त्यावर चेहरा नेऊ नका. मुलांना दहा पावलं लांब ठेवा. शेंगा केळीच्या पानांवर ओता, वर्तमानपत्रावर नको, गरम ओल्या शेंगांना शाई लागते.

आणि आग. जानेवारीत गवत कोरडं ठाक असतं. मडक्यांभोवती दहा फूट जागा झाडून मोकळी करा, पेंढ्याची गंजी आणि आंब्याची झाडं लांब हवीत. दोन बादल्या पाणी भरून ठेवूनच काडी लावा. शेवटी निखाऱ्यांवर पाणी ओतून, माती ढकलून, हात जवळ नेऊन बघा. डोंगराकडेला राखीव वनात कोणी पोपटी लावू नये, तिथे आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे.

दर्यावर्दी
रो-रो भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला तासाभरात पोचवते, गाडी सोबत नेता येते. पण ठाण्याहून आधी भाऊचा धक्का गाठायचा, मग मांडव्याहून अलिबागवरून वडखळकडे मागे यायचं, हा उलटा फेरा आहे. तुमची वाडी पेणजवळ, तेव्हा ठाण्याहून पनवेल-पेण सरळ. रो-रो रविवारी परतीला घ्या, किल्ला बघून मांडव्याला जाता येईल. तिकीट आधी काढा. पुण्याच्या मंडळींनी द्रुतगती मार्गाने खोपोलीला उतरून खोपोली-पेण रस्ता धरावा.

रानवारा
मग असं ठरवते. शुक्रवारी दोन मडकी भिजत. शनिवारी सकाळी पेण बाजार: ४ किलो शेंगा, भांबुर्डीचा भारा, केळीची पानं, दीड किलो लहान बटाटे, एक किलो रताळी, थोडा कंद, बारा अंडी. कोंबडी दोन किलो, बर्फात. पाचला भरणं, सहाला जाळ. आधी शाकाहारी मडकं, ते उतरलं की त्याच निखाऱ्यांवर दुसरं. सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि ताक. तिथी बघितली, रविवारी सप्तमी येते आहे, म्हणून किल्ला सोडून हमरापूर.

खारेपाटी
एक बदल करा. दोन्ही मडकी एकाच वेळी लावा, हातभर अंतर ठेवून, मधे सामाईक जाळ. त्याच निखाऱ्यांवर दुसरं ठेवलंत तर सुरुवातीचा हलका जाळ मिळणार नाही आणि थंड मडकं तडकेल. शेंगांचं आधी काढा, ते खाऊन होईतो कोंबडीचं तयार. शाकाहारी मडक्याला खडूने खूण करू नका, जाळात पुसली जाते. गळ्याला तारेचा वेढा बांधा.

मोगरा
शेंगा उरल्या तर सोलून दाणे डब्यात भरा आणि घरी पोचल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. सोमवारी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उसळ करा, भाजल्याचा वास रश्श्यातही उतरतो. रताळी उरत नाहीत, दीड किलो घ्या.